'गेलो होतो' म्हणजे 'हॅड गॉन' का नव्हे?

प्रश्न : 'मी काल साताऱ्याला गेलो होतो' याचं इंग्रजी 'आय हॅड गॉन टू सातारा येस्टर्डे' असं केलं, की चूक दाखवली जाते. 'गेलो होतो' हा पूर्ण भूतकाळ आणि 'हॅड गॉन' म्हणजे पास्ट परफेक्ट. मग चुकतं कुठे? (मिरजेचे एक वाचक)

उत्तर : शाळेत दोन्हींना एकच नाव मिळालं आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला. दोघांची कामं वेगळी आहेत. मराठीतला 'होतो' सांगतो की गोष्ट घडली आणि आटोपली. इंग्रजीतला 'हॅड' सांगतो की मागे घडलेल्या दोन गोष्टींपैकी ही आधीची.

'वहिनी मुंबईला गेल्या' ऐकलं की त्या अजून तिकडेच असतील असं आपण धरतो. 'वहिनी मुंबईला गेल्या होत्या' म्हटलं की त्या परत आल्या. 'खिडकी उघडली' आणि 'खिडकी उघडली होती' यांतही तेच : दुसऱ्या वाक्यात खिडकी आता बहुधा बंद आहे. म्हणजे काल साताऱ्याला जाऊन रात्री मिरजेत परतलेल्या माणसाला मराठीत 'गेलो होतो' असंच म्हणावं लागतं, 'गेलो' पुरत नाही. सातारा-सांगलीकडच्या बोलण्यात तर 'गेलतो', 'आलता' असा एकच शब्द होतो आणि 'होतो' वेगळा ऐकूही येत नाही. आपल्या तोंडी तो साधा भूतकाळच आहे.

इंग्रजीत हे काम साधा पास्ट करतो : 'आय वेंट टू सातारा येस्टर्डे'. परत आलो की नाही, याची सोय त्या क्रियापदात नाही, ते संदर्भावरून कळतं. तुम्ही 'आय हॅड गॉन' म्हणालात की इंग्रजी ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो : आधी सातारा, आणि मग काय झालं? पुढे काहीच येत नाही, म्हणून वाक्य अर्धवट वाटतं.

'हॅड' कुठे हवा, हे एसटीच्या उदाहरणातून चटकन कळेल. 'मी स्टँडवर पोचलो तेव्हा पुण्याची गाडी सुटली होती' : 'व्हेन आय रीच्ड द स्टँड, द पुणे बस हॅड लेफ्ट'. इथे 'हॅड' काढून नुसतं 'लेफ्ट' ठेवलंत, तर मी पोचलो आणि मग गाडी सुटली असा अर्थ होईल. गाडी मिळाली की चुकली, हे त्या एका शब्दावर ठरतं. मात्र 'बिफोर' किंवा 'आफ्टर'ने क्रम आधीच स्पष्ट केला असेल, तर 'हॅड' नसला तरी चालतं : 'द बस लेफ्ट बिफोर आय रीच्ड द स्टँड'.

बातम्यांच्या भाषांतरात हा घोटाळा फार दिसतो. '११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला मोठा भूकंप झाला होता' हे मराठी निर्दोष आहे. इंग्रजीत 'हॅड स्ट्रक' नको, 'स्ट्रक' हवं, कारण घटना एकच आहे आणि तारीख दिलेली आहे. किती जुनी घटना आहे याच्याशी 'हॅड'चा संबंध नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीची असली तरी साधा पास्टच. आता हे बघा : 'भूकंप झाला तेव्हा कोयना धरण बांधून झालं होतं'. इथे दोन गोष्टी आहेत आणि धरण आधीचं, म्हणून 'द डॅम हॅड ऑलरेडी बीन बिल्ट' अगदी बरोबर.

लिहिताना एवढंच विचारा : वाक्यात किंवा त्याच्या आगेमागे भूतकाळातली दुसरी घटना आहे का, आणि मी आधीची गोष्ट नंतर सांगतोय का? उत्तर नाही असेल तर 'हॅड' काढा.

याचाच जोडीदार म्हणजे 'हॅव'. 'मी कालच आलोय' मराठीत चालतं, पण 'आय हॅव कम येस्टर्डे' चालत नाही. संपलेली ठरावीक वेळ ('येस्टर्डे', 'लास्ट वीक', 'इन २०१८', 'टू डेज अगो') आली की 'हॅव' बाद. नोकरीच्या अर्जात 'आय हॅव पास्ड बी.कॉम. इन २०१८' असं लिहिलेलं असतं. एक तर साल काढा, नाहीतर 'आय पास्ड' लिहा. सांगलीच्या आयर्विन पुलाबद्दल दोन्ही प्रकारे बोलता येईल : 'इट वॉज ओपन्ड इन १९२९', पण 'इट हॅज स्टुड हिअर सिन्स १९२९'. उद्घाटन होऊन गेलं, पूल उभाच आहे.

'आय वॉज वेंट' हीसुद्धा 'गेलो होतो'चीच शब्दशः नक्कल : 'होतो' म्हणजे 'वॉज', 'गेलो' म्हणजे 'वेंट'. 'आय डिड नॉट वेंट'चं मूळही मराठीतच आहे. 'मी गेलो नाही' यात नकार आला तरी क्रियापद भूतकाळीच राहतं. इंग्रजीत भूतकाळाची खूण एकदाच लागते. ती 'डिड'ने घेतली की मागे मूळ रूप उरतं, 'डिड नॉट गो'.

'जायचो' किंवा 'जात असे' यासाठी 'यूज्ड टू गो' घ्या. 'वुड गो'ही चालतं, पण वारंवार केलेल्या कृतीसाठीच. 'इथे पूर्वी वडाचं झाड होतं' याला 'देअर यूज्ड टू बी' म्हणा, 'देअर वुड बी' नको.

आणि शेवटची एक जागा, जिच्याकडे सहसा कुणी लक्ष वेधत नाही. मराठीत भूतकाळाचं रूप पुढच्या गोष्टींसाठीही वापरतात. हाक आली की 'आलो, आलो!' म्हणतो, इंग्रजीत ते 'कमिंग!' होतं, 'आय केम' नव्हे. 'उद्या पाऊस आला तर' हे 'इफ इट रेन्स टुमॉरो' होतं. 'इफ इट रेन्ड टुमॉरो' म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, याला पावसाची फारशी आशाच नाही. जूनमध्ये पेरणीच्या तयारीत असलेल्या माणसाने तर 'रेन्स'च म्हणावं.