नागपुरात किराणा घेताना आरोग्याच्या दृष्टीने कोणतं ॲप वापरावं? त्याने खरंच फरक पडतो का?

उत्तर लांबणार आहे. याच ॲपवरून आमच्या घरात वर्षभर वाद चालू आहे आणि माझी बाजू मी अजून कोणासमोर नीट मांडलेली नाही.

आई ७१ वर्षांची, बीपीची गोळी चालू. ती माझ्याकडे नागपुरात असते, मोठी ताई बंगलोरला. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं तेव्हापासून ताई तिथूनच आईसाठी सामान मागवते. तिच्या फोनमध्ये बारकोड स्कॅन करून हिरवा, पिवळा, लाल रंग दाखवणारं ॲप आहे. हिरवं दिसलं तरच ऑर्डर. मसाला ओट्स, सूपच्या पुड्या, मल्टीग्रेन खाकरे असं दर पंधरा दिवसांनी खोकं येतं. मी इतवारीतून तूरडाळ आणि जवस सुटे आणतो, तेल घाणीवरून. त्यावर बारकोड नसतो, म्हणून ताईच्या लेखी त्याचा काही भरवसा नाही.

मागच्या उन्हाळ्यात आईचं बीपी १८० च्या वर गेलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात दोन रात्री ठेवावं लागलं. ताई विमानाने आली आणि पायऱ्यांवरच मला म्हणाली, "मी एकेक वस्तू तपासून पाठवते, आणि तू तिला तर्री-पोहे खायला नेतोस." आदल्या रविवारी मी आईला नेलं होतं, हे खरं आहे. आई आत सलाईनवर होती, मी काहीच बोललो नाही.

घरी परतल्यावर त्याच रात्री मी खोक्यातली सगळी पाकिटं ओट्यावर मांडली. मागची अक्षरं इतकी बारीक की फोनने फोटो काढून, मोठे करून वाचले. मसाला ओट्सच्या ४० ग्रॅमच्या पुडीत ४१० मिलिग्रॅम सोडियम. सूपच्या एका पुडीत ५६०. आई उठून स्वयंपाकघरात आली. तिला विचारलं, दिवसाला सूप किती वेळा घेतेस? "दोनदा. भाजीत तं मी मीठ टाकूनच नाही राह्यली, मग ते जेवण उतरतच नाही घशाखाली. सूप तं पथ्याचं आहे ना, तुझ्या ताईनं पाठवलेलं?"

हिशोब करा. दोन सूप आणि एक ओट्स म्हणजे १५३० मिलिग्रॅम. दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ, सपाट एक चहाचा चमचा. वरणभाताचा पहिला घास घेण्याआधी आईच्या पोटात पाऊण चमचा मीठ गेलेलं होतं. भाजीतलं मीठ ती इमानदारीने सोडून बसली होती.

मग मी तेच ॲप माझ्या फोनवर घेतलं. ओट्स हिरवे, कारण अख्खं धान्य आहे, तंतू आहेत. सूपही हिरव्यातच, कारण हिशोब पाणी घालून तयार झालेल्या १०० मिलिलिटरवर केलेला होता. कोरड्या पुडीवर केला असता तर रंग नक्की वेगळा असता. खोटं कुठेच काही नव्हतं. पण आई एका वेळी किती पिते आणि दिवसात किती वेळा पिते, हे ॲपला माहीत असायचं कारण नाही. तिथेच अख्खा प्रश्न आहे. लोणच्याला लाल मिळतो, पण आपण घेतो एक फोड. गुळाला साखरेएवढेच वाईट गुण मिळतात आणि ते बरोबरच आहे, हे मात्र गुळाच्या चहावाल्यांना पटत नाही.

आता तुमचा प्रश्न. ओपन फूड फॅक्ट्स हे बारकोड स्कॅन करून पाकिटातले घटक दाखवणारं ॲप फुकट आहे. २०१२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालं, त्यातली माहिती ॲप वापरणारे लोकच भरतात. त्यामुळे आपल्याकडच्या लहान कंपन्यांचा माल सापडेलच असं नाही, आणि सापडला तर ती नोंद जुन्या पाकिटाची असू शकते. हातातल्या पाकिटाशी ताडून बघा, फरक दिसला तर स्वतः दुरुस्त करा. फूड सेफ्टी कनेक्ट हे एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं ॲप परवाना तपासायला आणि तक्रार करायला आहे. त्याच्याकडून "हे खाऊ की नको" याचं उत्तर मागू नका.

घरपोच किराण्याच्या ॲपवर वस्तूचे शेवटचे दोन-तीन फोटो सरकवून बघा, तिथे बहुतेक वेळा पाकिटाची मागची बाजू असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. "मल्टीग्रेन" बिस्किटात पहिलं नाव "रिफाइन्ड व्हीट फ्लोर" असेल तर तो मैदा आहे आणि तोच सगळ्यात जास्त आहे, बाकीची धान्यं नावाला. आईच्या खाकऱ्यात हेच निघालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ सूत्रं काढली, त्यात लेबल वाचायला सांगितलं आहे. रंगावर भागवा असं तिथे कुठे नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. ॲप मिठाला "चांगला पर्याय" म्हणून कमी सोडियमचं मीठ सुचवेल. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. आम्ही विचारलं, आईला नाही म्हणाले.

आणि आईचं बीपी सूपमुळेच चढलं असं डॉक्टर म्हणाले नव्हते. त्या आठवड्यात तिची दोन दिवस गोळी राहिली होती, त्याकडे लक्ष ठेवणं माझं काम होतं. ताईमुळे घरातला बिस्किटांचा डबा रिकामा झाला आणि तो रिकामाच राहिला, हेही खरं. सूप आता बंद आहे. भाजीत मीठ पडतं, मोजून, आणि वरून लिंबू.

पण ताई, तू हे वाचत असशील तर एवढं ऐक. त्या रविवारी आईने पोहे साधेच खाल्ले होते. तर्री मी एकट्याने घेतली.