जाळीपोटात तार: २२ हजारांचं ऑपरेशन करावं की २५ हजारांत गाय विकावी?

प्रश्न (फलटण तालुका): सहा एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) संकरित गायी आहेत. त्यातली तिसऱ्या वेताची, विऊन दोन महिने झालेली गाय १८ लिटरवरून एकदम ४ लिटरवर आली. डॉक्टर म्हणतात, पोटात तार आहे. ऑपरेशन, औषधं, नंतरची ड्रेसिंग मिळून २२ हजार सांगितलेत. व्यापारी आजच्या आज २५ हजार द्यायला तयार आहे. तशीच गाय घ्यायची तर ९५ हजार लागतील. विमा ६० हजारांचा. दुधाला ३४ रुपये दर, खाद्य दिवसाला २४० रुपये. एफडी मोडू का?

उत्तर: एफडीचं नंतर बघू. आधी गाय बरी होण्याची शक्यता किती असेल तर ऑपरेशन परवडतं, हे काढू.

ऑपरेशननंतर प्रतिजैविकांमुळे साधारण १५ दिवस दूध घालता येणार नाही असं धरा. त्या काळातलं खाद्य ३,६०० रुपये. म्हणजे खर्च २५,६००. शिवाय व्यापाऱ्याचे २५ हजार हातचे जातात. पणाला लागतात ते ५०,६०० रुपये. गाय बरी झाली तर १८ लिटरची आशा धरू नका, ११ धरा. पुढच्या २१० दिवसांत दुधाचे ७८,५४० येतील, खाद्याचे ५०,४०० जातील, उरतील सुमारे २८ हजार. गायीची किंमत विम्याइतकी, ६० हजार धरली तर एकूण ८८ हजार. ५०,६०० भागिले ८८ हजार म्हणजे ५७ टक्के. थोडक्यात, दहापैकी सहा गायी वाचतात अशा अवस्थेत तुमची गाय असेल तरच ऑपरेशन.

ती अवस्था ओळखता येते. जाळीपोट म्हणजे गायीच्या पोटाचा सगळ्यात पुढचा कप्पा. त्याच्या पुढे छाती आणि पोट वेगळं करणारा पडदा आणि त्याला लागूनच हृदय. जाळीपोट आकुंचन पावतं तशी तार पुढे सरकते. पाठीची कमान, कोपरं बाहेर काढून उभं राहणं, उतारावर जायला नकार, उठता-बसता कण्हणं, इतकंच असेल तर वेळ गेलेली नाही. पण छातीखाली पुढच्या पायांमध्ये सूज आली असेल, मानेची शीर फुगलेली असेल, तर तार हृदयाच्या आवरणात गेल्याची दाट शंका. तेव्हा २२ हजार घालू नका. धातुशोधक यंत्र वाजलं म्हणजे तार रुतलीच असं नाही. धडधाकट गायीच्या पोटातही खिळे सापडतात, आणि तांब्याची तार लोहचुंबकाला धरत नाही.

म्हणून पैसे टप्प्याने घाला. पहिले तीन दिवस डॉक्टरांच्या हातून तार धरून ठेवायला पोटात चुंबक, प्रतिजैविकं, आणि पुढचे पाय १५-२० सेंमी उंच राहतील अशी जागा. गाय फिरवायची नाही. चुंबक जाळीपोटात पोचला का, हे डाव्या कोपरामागे होकायंत्र धरून कळतं. पोटाची हालचाल मंदावलेली असेल तर तो मागेच अडकतो. तार पुरती आरपार गेली नसेल तर पुष्कळ गायी एवढ्यावर सावरतात. तीन दिवसांत रवंथ आणि भूक परतली नाही तर सोनोग्राफी किंवा एक्स-रे. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, पण टेम्पोचे धक्के तार पुढे ढकलू शकतात. सोनोग्राफीचं यंत्र गोठ्यात आणणारे डॉक्टर मिळाले तर उत्तम.

व्यापाऱ्याची घाई मनावर घेऊ नका. राज्यात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा गाय जगेल हाच हिशेब तोही करत असणार.

६० हजार ही गायीची किंमत म्हणून धरली; विम्याची भरपाई मी मुद्दाम गणितात धरली नाही. अशी पॉलिसी सहसा मृत्यूवर पैसे देते, उपचारावर नाही. कंपनीला आजाराची लेखी सूचना आजच द्या, कानातल्या बिल्ल्यासह फोटो काढा, केसपेपर जपा. गाय दगावलीच तर कंपनीला कळवून शवविच्छेदन होईपर्यंत पुरायची नाही.

एफडी मोडू नका. पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड असेल तर त्यातून उचला; ७ टक्के व्याज, वेळेवर फेडलं तर ४. डेअरीची उचल टाळा, ती दुधाच्या पगारातून कापली जाते आणि बाकी पाच गायींच्या पेंडेला पैसे उरत नाहीत.

आणि ९५ हजारांची गाय त्याच गोठ्यात आणण्याआधी तार आली कुठून ते शोधा. तारेने बांधलेले कडब्याचे गठ्ठे तसेच कुट्टीत (चारा कापायच्या यंत्रात) गेले की तारेचे बोटाएवढे तुकडे होतात, गाय ते चाऱ्याबरोबर न चावता गिळते. कुट्टीच्या तोंडाशी चुंबकपट्टी लावा, उरलेल्या पाचही गायींना चुंबक द्या. जुन्या टायरची गव्हाण असेल तर ती काढून टाका. टायर झिजला की आतली पोलादी तार सुटते.