आधी ती वाट पायी चाल

पोरी,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. खुलताबादजवळच्या सुलीभंजनच्या उतारावर पुढचं चाक घसरलं, कोपर फुटलं आणि आता तुला कळेना की सायकल विकून टाकावी की कर्ज काढून दोन्हीकडे सस्पेन्शनवाली नवी घ्यावी. बाबा म्हणतात विक, ग्रुपमधली पोरं म्हणतात नवी घे. मला एवढंच सांग, तो उतार तू कधी पायी उतरली होतीस?

नाही ना? मग काहून सायकलीला दोष देतेस?

आपला डोंगर म्हणजे खाली काळा कातळ आणि वर सुट्या मुरुमाचा पातळ थर. फरशीवर ज्वारी सांडावी तसा. त्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक फिरायचं थांबतं, सायकल मात्र घसरत राहते. वेग वळणाच्या आधी, कातळावर असतानाच कमी करायचा, मुरुमावर ब्रेक सैल सोडायचे, नजर लांब ठेवायची. हे सगळं तुला येतं, मी पाहिलंय. पण कातळ कुठे संपतो आणि मुरूम कुठे लागतो, हे तुला माहीत नव्हतं. ते पायाला कळतं. महागातला फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा सस्पेन्शनवाला चिमटा, दगडाचा दणका सोसेल, पुढे काय आहे ते सांगणार नाही. म्हणून आधी चाल.

आणि एकदा चालून भागत नाही. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा वाट उघडी असते, एकेक गोटा दिसतो. तीच वाट भाद्रपदात कमरेएवढ्या गवतात बुडते. त्या गवताखाली काय असतं ते मी सांगतो, कारण त्याची किंमत मी दुसऱ्याला मोजायला लावली आहे.

एकोणीस वर्षं झाली. संभाजीनगरच्या खंडोबाच्या मागचा सातारा डोंगर. ती वाट मी उन्हाळ्यात इतक्यांदा उतरलो होतो की डोळे मिटून जाईन म्हणायचो. पावसाळ्याआधी तिथे पाणी मुरवायला उताराला आडवे चर खणले गेले होते, आणि मी पाऊस लागल्यापासून तिकडे फिरकलोही नव्हतो. माझा मावसभाऊ म्हणाला, "दादा, आधी एकदा बघून येऊ का?" मी म्हणालो, "माझ्या मागे ये." माझं चाक नेमकं दोन चरांमधल्या जागेतून गेलं. त्याचं चरात गेलं. मांडीचं हाड मोडलं. तो पुन्हा सायकलवर बसला नाही. आजही लग्नाकार्यात भेटला की पंगतीत खाली बसताना त्याला भिंतीचा आधार लागतो. त्याने मला एका शब्दानं कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी चालतो. नवी वाट असो की जुनी, मोसम बदलला की आधी पायी. लोक म्हणतात मी भित्रा झालो, पोरांचा वेग मारतो. म्हणू देत. या एकोणीस वर्षांत माझ्यामागे आलेल्या एकाचंही हाड मोडलेलं नाही. आणि डाउनहिलच्या, म्हणजे सायकलवरून डोंगर उतरायच्या शर्यतींच्या, वर्ल्ड कपमध्ये जगातले सगळ्यात वेगवान लोक उतरतात, तिथेही शर्यतीआधी ट्रॅक पायी पाहायला वेळ राखून ठेवलेला असतो. ते चालतात आणि आपण चालायचं नाही?

गौताळ्याच्या आडवाटांवर उतरायचं मात्र डोक्यातून काढ. १९८६ पासूनचं अभयारण्य आहे ते, बिबट्या आणि अस्वलाचं घर. तिथल्या आडवाटा आपल्या चाकांसाठी नाहीत. वनखात्याची परवानगी काढ, आखून दिलेल्या रस्त्यानेच जा. पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीतही सायकल घालू नकोस. चाकाने पाडलेल्या चरीतूनच पुढच्या पावसाचं पाणी धावतं आणि धनगराच्या शेळ्यांची वाट वाहून जाते. ती वाट त्यांनी पाडली, आपण नाही.

पैसे खर्चायचेच असतील तर गुडघ्या-कोपराचे पॅड घे आणि टायर ट्यूबलेस करून आत भोक आपोआप बुजवणारं सीलंट भर. सराटे आणि बाभळीचे काटे आपल्याकडे बारा महिने. नव्या सायकलीचं दिवाळीनंतर बघू. विकण्याचा विषय माझ्यापुढे पुन्हा काढू नकोस. बाबांशी मी बोलतो. त्यांना तुझ्या कोपराची भीती वाटते, सायकलीचा राग नाही, एवढं तरी ओळख.

रविवारी सकाळी सहाला दत्तमंदिरापाशी ये. सायकल घरीच ठेव. जुने बूट घाल, कुसळं टोचतील म्हणून जाड मोजे घाल, दोन लिटर पाणी आण. चाक कुठे घसरलं ती जागा तू मला दाखवायचीस. आपण तिथे उकिडवं बसून तो मुरूम हातात घेऊन बघू.

तुझा,
काका