देव सगळ्यांशी बोलतो, मग माझ्याशीच काऊन नाही?

मी समुपदेशक आहे. चर्चच्या प्रार्थना सभेत आपण खोटी साक्ष दिली, म्हणजे देवानं आपल्यासाठी काही केलं असं खोटंच सांगितलं, हे मला सांगायला ताईंना तिसरी भेट लागली. पहिल्या दोन भेटींत त्या झोप येत नाही एवढंच बोलत होत्या.

(ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत. नाव देत नाही, ताईच म्हणते. लिहायला त्यांनी होकार दिला, "फक्त आमच्या मंडळीचं नाव नका टाकू जी" एवढ्या अटीवर.)

वय ४६. प्राथमिक शाळेत शिक्षिका, राहणं नागपुरात जरीपटक्याकडे, शिक्षण हिस्लॉप कॉलेजात. नवरा शिफ्टच्या नोकरीत, मुलगा बारावीला. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एप्रिलची अखेर होती. सदर भागातल्या माझ्या खोलीत कूलर घरघरत होता आणि त्याच्या आवाजाआड लपता येईल अशा बेतानं ताई हळू बोलत होत्या.

"शुक्रवारी सभेत सगळ्याच सांगतात मॅडम. एकीला प्रभू म्हणाला, आज बस नको, ऑटोनं जा. एकीला स्वप्नात वचन मिळालं. माझी सांगायची पाळी जवळ आली की पोटात गोळा येते. मी रोज प्रार्थना करून राहिली, वाचन करून राहिली, पण काहीच होऊन नाही राहिलं. मग मागच्या शुक्रवारी सांगून टाकलं, प्रभूनं मला पहाटे तीनला उठवलं. सगळ्या 'आमेन' म्हणाल्या. खरं म्हणजे आईंनी अंथरूण ओलं केलं होतं, म्हणून उठली होती."

माझ्या जिभेवर आलं होतं, "अहो, म्हणजे प्रभूनंच उठवलं की!" गिळलं. सभेत हे वाक्य शोभलं असतं. पण रोज रात्री तीनला उठून चादर बदलणाऱ्या बाईला ते ऐकवणं म्हणजे तिच्या थकव्यावर आशीर्वादाचं लेबल चिकटवणं. आणि मग ती थकली आहे हे कुणी ऐकूनच घेत नाही.

'देव माझ्याशी बोलत नाही' हे गाऱ्हाणं माझ्याकडे अनेक वेषांत येतं. होस्टेलवरची मुलगी येते, निवृत्त रेल्वे कर्मचारी येतो, एकदा तर पाळकच आले होते. साक्ष देण्याला माझा विरोध नाही, लहानपणापासून त्याच वातावरणात वाढले. पण साक्षीचाही साचा बनतो: अडचण, प्रार्थना, उत्तर, आमेन. ज्याचं आयुष्य त्या साच्यात बसत नाही, तो मंडळीवर शंका घेत नाही, स्वतःवर घेतो.

ताईंच्या बाबतीत मी देवाचा विषय आधी बाजूला ठेवला. रात्री जेमतेम चार तास झोप, तीही तुकड्यातुकड्यांत. जेवणाची चव गेलेली. "सकाळी उठूच नये असं वाटते" हे त्या सहज बोलून गेल्या, पण मी सहज जाऊ दिलं नाही. जीव द्यायचा विचार येतो का, असं सरळ विचारलं. विचारल्यानं तो विचार मनात भरतो, हा गैरसमज आहे. तसा बेत नव्हता, नुसता थकवा होता. तरी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून दिला आणि फिजिशियनकडे पाठवलं. थायरॉइड निघाला. गोळी सुरू झाली. थायरॉइड मंदावला की माणूस जड, उदास, सुन्न होतो. मग प्रार्थनाही कोरडी वाटते आणि दोष श्रद्धेला लागतो. मन दोन आठवड्यांहून जास्त असं विझलेलं राहिलं, तर उपवास वाढवण्याआधी डॉक्टरला भेटावं, हे मी प्रत्येकाला सांगते.

ताई थोड्या दुखावल्या. "म्हणजे माझा प्रश्न गोळीचा होता का?"

तेव्हा मी बायबलातला एलीया संदेष्टा काढला. ती गोष्ट त्या शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, मुलांना शिकवतात, पण शिकवतात ते कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेनं आकाशातून उतरलेला अग्नी. त्यानंतरचा अध्याय, १ राजे १९, मुलांपर्यंत पोहोचतच नाही. एलीया रानात झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देवदूत काय करतो? उपदेश नाही, ताडन नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत झोपू देतो, दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घालतो. देवाचा तो मंद, हळू आवाज त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर.

"आधी भाकर," ताई म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही.

पुढच्या भेटीत नवऱ्यालाही बोलावलं. आठवड्यातून तीन रात्री सासूबाईंच्या खोलीत ते झोपणार असं ठरलं. ते तयारच होते, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे हे फार होतं. बाई प्रभूला मदत मागते, नवऱ्याला मागत नाही.

खरी गाठ मात्र दुसरीकडेच होती. पर्समधून त्यांनी एक घडी पडलेलं कार्ड काढलं. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेत वर्षाचं वचन म्हणून टोपलीतून उचललेलं. बायबलातलं यिर्मया २९:११. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत, असं वचन. "जानेवारीत आई पडल्या, फेब्रुवारीत मुलाला कावीळ झाली. हित कुठं आहे जी?"

मी म्हटलं, एक ओळ वर वाचा. दहाव्या ओळीत ७० वर्षं आहेत. हा अध्याय म्हणजे यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं पत्र आहे, आणि त्या काळात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटका होईल असं सांगून टाळ्या घेत होता. यिर्मया म्हणतो, तसं नाही. घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हिताचे संकल्प म्हणजे त्यांना मिळाला तो भाजीचा वाफा आणि परक्या शहरातलं घर. कार्डावर मावते तेवढीच ओळ छापली जाते, वाफा वगळून. कार्ड छापणाऱ्यांवर राग नाही, पण त्या कार्डानं या घरात चार महिने नुकसान केलं हे खरं.

ताईंनी त्या रात्री अख्खा अध्याय वाचला. पुढच्या वेळी आल्या त्या वैतागूनच. "सत्तर वर्षं!"

मी त्यांना एक गृहपाठ दिला. लोयोलाचे संत इग्नाती यांनी सोळाव्या शतकात शिकवलेली पद्धत आहे: झोपण्याआधी दिवस मागं वळून बघायचा.

"हे कॅथलिकांचं ना?"

"हो. पण दिवस तुमचाच आहे."

मी ती थोडी बदलली. वही नको, वहीत माणूस निबंध लिहितो. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात, दुधाचा हिशोब लिहितो तिथंच, एक ओळ. आज कुठं जीव थोडा मऊ झाला, किंवा कुठं घट्ट मिटला. आणि पंधरा दिवस 'देव', 'प्रभू', 'आशीर्वाद' हे शब्द लिहायचे नाहीत. या अटीवर त्या चमकल्या. पण आधी बघायला शिकायचं होतं, नाव मागाहून देता येतं. नाव आधी दिलं की बघणं थांबतं. बायबलात, पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्यांनी अख्खी वाट येशूबरोबर चालून घालवली आणि ओळखलं ते घरी, भाकर मोडताना. 'आपलं अंतःकरण आतल्या आत पेटत नव्हतं काय' हे आठवलं तेही नंतरच.

पंधरा दिवसांनी कॅलेंडरचं पान आलं. सहा चौकोनांत 'काही नाही'. ते मी तसंच ठेवायला सांगितलं. बाकीच्यांत: 'शेजारच्या काकूंनी न सांगता नळाचं पाणी भरून ठेवलं.' 'चौथीतल्या पोरानं र नीट काढला.' 'आईंवर ओरडली. मग पाय चोळून दिले.' आणि दोनदा, वेगवेगळ्या तारखांना: 'तीन वाजता आई गायल्या.'

मी विचारलं, त्यांची वाचा गेली आहे ना? "बोलता येतच नाही. पाणी सुद्धा म्हणता येत नाही. पण चादर बदलताना मी उपासना संगीत या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत गुणगुणते, कंटाळा जावा म्हणून. तर त्या ते पुढं म्हणतात. शब्दांसकट."

डाव्या मेंदूला इजा होऊन वाचा गेलेल्या काही माणसांना बोलता येत नाही, पण पाठ असलेलं गाणं शब्दांसह गाता येतं. वैद्यकात हे फार जुनं निरीक्षण आहे. बोलणं आणि सूर यांच्या वाटा मेंदूत पूर्ण एक नाहीत. हे मी ताईंना सांगितलं आणि सांगताना घाबरले, कारण त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे ते मेंदूचं आहे. प्रभूचं नाही."

हा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. जिथं कारण सापडत नाही तेवढीच जागा आपण देवाला देतो. मग कारणं सापडत जातात तसा तो आक्रसत जातो. मी त्यांना त्यांच्याच कॉलेजची आठवण दिली. ज्यांच्या नावानं ते आहे, ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, शाळा काढली, आणि उरलेल्या वेळात आसपासचे दगड आणि जीवाश्म गोळा करत हिंडले. एका खनिजाला त्यांचं नाव आहे. दगड कसा झाला हे कळलं म्हणून तो कुणाचा, हा प्रश्न त्यांच्यासाठी मिटला नव्हता.

"म्हणजे दोन्ही?"

"तुम्ही ठरवा. मी तीन वाजता तिथं नव्हते."

मी उत्तर दिलं नाही याचा त्यांना रागच आला असावा. पण समुपदेशक साक्ष पुरवू लागला तर तोही त्या सभेचाच भाग होतो.

मेच्या शेवटी एका शुक्रवारी सांगायची पाळी आली तेव्हा त्यांनी सभेत सांगितलं, मागं मी तीन वाजताचं सांगितलं ते पूर्ण खरं नव्हतं, आणि आज माझ्याकडे साक्ष नाही. कुणी आमेन म्हटलं नाही. एका बाईंनी विषय बदलून गीत सुरू केलं. बाहेर चपला घालताना एक म्हातारी त्यांच्या कानाशी म्हणाली, "माझ्याकडे तर कित्येक वर्षांपासून नाही जी," आणि फिदीफिदी हसली. आता दोघी सभेला शेजारी बसतात.

जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, ताई शेवटच्या भेटीला आल्या. मोबाइलवर कॅलेंडरचा फोटो दाखवला. आदल्या दिवसाच्या चौकोनात नवऱ्याचं अक्षर होतं: 'आईनं दुसरं कडवं म्हटलं.' त्या रात्री सासूबाईंच्या खोलीत नवऱ्याची पाळी होती.

"तुम्हाला ऐकायला नाही मिळालं," मी म्हटलं. "चुटपुट लागली?"

"थोडी," ताई म्हणाल्या. "पण झोप मस्त लागली होती जी."