खाते जर्मनीत, खाते सांगलीत

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी नोकरीनिमित्त नाशिकहून स्टुटगार्टला आलो. येथे वीजकंपनी, मोबाईल कंपनी, व्यायामशाळा असे सगळेच माझा आयबान (आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक) मागतात, एका कागदावर सही घेतात आणि पुढे दर महिन्याला माझ्या खात्यातून रक्कम स्वतःच काढून घेतात. ओटीपी येत नाही आणि कोणी विचारतही नाही. व्यायामशाळेने तर सदस्यत्व रद्द केल्याचे कळवल्यानंतरही ३९ युरो नेले. अशा पद्धतीवर विश्वास कसा ठेवावा?
— एक वाचक, स्टुटगार्ट

उत्तर : आपण ज्याला परवानगी नसणे म्हणता ती परवानगी आपण दिलेलीच आहे, फरक एवढाच की ती दर वेळी न घेता एकदाच, त्या सहीने घेतली जाते. भारतात गृहकर्जाचा हप्ता किंवा एसआयपीची रक्कम जशी लेखी आदेशावरून खात्यातून वळती होते, तशीच ही 'लास्टश्रिफ्ट' पद्धत आहे. जर्मनीत ती विजेच्या बिलापासून वर्तमानपत्राच्या वर्गणीपर्यंत सर्वत्र रुळलेली आहे, म्हणून नवख्या माणसाला तिची धास्ती वाटते.

आयबान ही गुपित ठेवण्याची गोष्ट नाही. २२ चिन्हांच्या त्या क्रमांकात देशाची दोन अक्षरे, दोन पडताळणी अंक, आठ अंकी बँक क्रमांक आणि दहा अंकी खाते क्रमांक असतो. व्यावसायिक तो आपल्या बिलावर छापतात, कारण तो खात्याचा पत्ता आहे, किल्ली नव्हे. खरे संरक्षण दुसरीकडे आहे. लास्टश्रिफ्टने गेलेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत, कोणतेही कारण न देता, बँकेकडून परत मागता येते. आणि आपण मुळात आदेशच दिला नसेल तर ही मुदत तेरा महिन्यांची होते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्या नोंदीवर गेल्यास बहुधा तेथेच रक्कम परत मागण्याची सोय सापडते.

मात्र ३९ युरो परत मागण्याआधी करारपत्र काढून वाचावे. १ मार्च २०२२ नंतरचा करार असेल, तर पहिली ठरलेली मुदत संपल्यावर एक महिन्याची सूचना देऊन तो केव्हाही संपवता येतो. पण ती पहिली मुदत अद्याप चालू असेल, किंवा सूचनेच्या महिन्याचेच पैसे घेतले गेले असतील, तर देणे आपल्याकडेच राहते. बँकेने रक्कम परत केली म्हणून करार मिटत नाही. मग स्मरणपत्रे येतात, त्यांवर शुल्क चढते, प्रकरण वसुली संस्थेकडे गेले की त्या ३९ युरोंचे शंभर होण्यास वेळ लागत नाही, आणि थकबाकीची नोंद शूफाकडे, म्हणजे लोकांची पत नोंदवणाऱ्या संस्थेकडे, गेल्यास पुढचे घर भाड्याने मिळवणेही अवघड होते. खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याने लास्टश्रिफ्ट परत गेली तरी याच वाटेने जावे लागते, म्हणून भाडे आणि बिले ज्या दिवसांत जातात त्या दिवसांत खाते रिकामे ठेवू नये.

माझ्या मते आपली भीती चुकीच्या जागी आहे. दुसऱ्याने ओढून नेलेले पैसे परत आणता येतात. आपण स्वतः पाठवलेले पैसे, म्हणजे 'युबरवायझुंग', एकदा पोहोचले की समोरच्याच्या मर्जीवर राहतात, आणि आता तर ते काही सेकंदांत पोहोचतात. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातील बँकांना पैसे पाठवण्यापूर्वी आयबान आणि नाव जुळते का, हे विनामूल्य तपासून दाखवावे लागते. नाव जुळत नसल्याची सूचना आली तर तेथेच थांबावे. घर शोधणाऱ्या परदेशी माणसाला 'मी परगावी आहे, अनामत भरा, किल्ली टपालाने पाठवतो' असे सांगून लुबाडणारे याच मार्गाने पैसे घेतात. घर आतून न पाहता कोणालाही अनामत देऊ नये. कायद्याने ती सामाईक खर्च वगळून तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक असू शकत नाही, ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. हे माहीत असले की 'आजच सगळे पाठवा' म्हणणाऱ्याचे पाणी लगेच जोखता येते.

प्रश्न : आम्ही तीन विद्यार्थी एकत्र राहतो. तिघांच्याही नावाने रेडिओ-दूरचित्रवाणी शुल्काची पत्रे आली आहेत. घरात टीव्ही नाही.
— एक विद्यार्थिनी, आखेन

उत्तर : टीव्ही असण्यानसण्याशी या शुल्काचा संबंध नाही, ते घरामागे आहे, माणसामागे नाही. महिना १८.३६ युरो एकानेच भरावेत आणि उरलेल्या दोघांनी त्याचा शुल्क क्रमांक लिहून उत्तर पाठवावे. पत्र केराच्या टोपलीत टाकणे हा मात्र उपाय नव्हे.

प्रश्न : लग्नानंतर नोकरी घेऊन म्युनिकला आले, त्याला दोन वर्षे झाली. सांगलीतील माझे बचत खाते तसेच चालू आहे. माझे एटीएम कार्ड वडिलांकडे असते आणि ते त्यातून घरखर्च भागवतात. खाते बदलून घेतलेच पाहिजे का? एनआरई ठेवीवर (परदेशातील कमाई भारतात ठेवण्याच्या अनिवासी खात्यातील ठेवीवर) कर लागत नाही, हे खरे का?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : होय, बदलून घेतलेच पाहिजे. नोकरीसाठी परदेशी गेलेली व्यक्ती परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरते आणि तिचे साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीचे भारतातील रुपया खाते, करून घ्यावे लागते. दोन वर्षांचा उशीर झाला असला तरी बँकेला स्वतःहून कळवणे केव्हाही बरे. पीपीएफ असेल तर ते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, पुढे वाढवता येत नाही.

एनआरओवरील व्याजातून ३० टक्के आणि वर अधिभार-उपकर असा कर मुळातच कापला जातो. भारत-जर्मनी कर करारानुसार व्याजावरील भारतीय कर १० टक्क्यांपुरता मर्यादित ठेवता येतो. त्यासाठी आपल्या फिनान्सआम्टकडून, म्हणजे जर्मन कर कार्यालयाकडून, रहिवासी असल्याचा दाखला आणून बँकेला द्यावा लागतो.

एनआरईबाबत अर्धेच खरे आपल्या कानी आले आहे. ते व्याज भारतात करमुक्त आहे; जर्मनीत नाही. जर्मनीतील रहिवाशाचे जगभरातील उत्पन्न तेथे करपात्र असते, त्यामुळे सांगलीच्या शाखेतील ठेवीचे व्याजही जर्मन विवरणपत्रात दाखवावे लागते. वर्षाला १,००० युरोपर्यंतच्या, एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याला २,००० युरोपर्यंतच्या, भांडवली उत्पन्नाला सूट आहे. त्यापुढे साधारण २५ टक्के कर आणि त्या कराच्या रकमेवर साडेपाच टक्के ऐक्य अधिभार. 'त्यांना कसे कळणार?' असे पुष्कळ जण विचारतात. बँक खात्यांच्या माहितीची आपोआप देवाणघेवाण २०१७ पासून सुरू आहे आणि तीत दोन्ही देश आहेत.

राहिले वडिलांकडचे कार्ड. पिन सांगून कार्ड दुसऱ्याच्या हाती देणे, मग तो हात वडिलांचा का असेना, बँकेच्या अटींत बसत नाही, आणि उद्या काही गफलत झाली तर बँक हात झटकेल. एनआरओ खात्यावर वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र द्यावे. भारतातील खर्च त्यांना त्यातून बिनदिक्कत करता येतील. खाते बदलताना त्याच अर्जात आपला जर्मनीतील पत्ता आणि चालू मोबाईल क्रमांक नोंदवावा. जुने भारतीय सिम ओटीपीसाठी वापरत असाल, तर त्याचे रिचार्ज संपण्याची तारीख वडिलांच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवण्यास सांगावे.