'गन्सेल'मध्ये 'गन' नाही

प्रश्न : 1930च्या आसपासच्या एका अमेरिकी डिटेक्टिव्ह कादंबरीचा अनुवाद करते आहे. खाजगी गुप्तहेर एका पोरगेल्या गुंडाला 'गन्सेल' म्हणतो आणि प्रसंग एकदम तापतो. कोशात 'बंदूकधारी गुंड' असा अर्थ मिळाला. पण ज्याच्या खिशात पिस्तुलं आहेतच, त्याला बंदूकधारी म्हटलं तर एवढं काय झोंबावं?

झोंबतं, कारण तो शब्द बंदुकीचा नाहीच. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेत 'गेंझल' म्हणजे हंसाचं पिल्लू. तिथून तो अमेरिकेत मालगाड्यांवर चोरून बसून गावोगाव फिरणाऱ्या भटक्यांच्या आणि तुरुंगातल्या बोलीत शिरला. 'गॉन्सिल', 'गन्सेल' अशी त्याची रूपं झाली. अर्थ झाला : वयस्क भटक्यानं आपल्याजवळ ठेवलेला कोवळा पोरगा. त्या सोबतीत शरीरसंबंध गृहीत असे. म्हणजे ही शिवी एकाच वेळी दोघांना बसते, पोराला आणि त्याला ठेवणाऱ्यालाही.

तुमची कादंबरी बहुधा डॅशिएल हॅमेट यांची 'द माल्टीज फाल्कन' असावी. ती सप्टेंबर 1929 ते जानेवारी 1930 या काळात 'ब्लॅक मास्क' मासिकात क्रमशः आली आणि 1930 साली पुस्तकरूपात निघाली. हॅमेट स्वतः पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरीला होते, त्यामुळे चोरांची बोली त्यांना ऐकून ठाऊक होती. मासिकाचे संपादक जोसेफ शॉ अश्लील शब्द छापत नसत. रहस्यकथाकार अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांनी पुढे लिहिलेल्या आठवणीप्रमाणे, शॉ यांनी 'गूजबेरी ले' हा प्रयोग घाण समजून कापला आणि 'गन्सेल' मात्र बंदुकीशी संबंधित समजून राहू दिला. खरं तर 'गूजबेरी ले' म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे पळवण्याचा धंदा. त्यात अश्लील काहीच नाही. पुस्तकात दोन्ही शब्द आहेत.

वाचकांचीही शॉ यांच्यासारखीच फसगत झाली. त्या पोराच्या कोटात दोन जड पिस्तुलं, शब्दाची सुरुवात 'गन'नं. मग दुसरा अर्थ शोधायचा कशाला? 1941च्या चित्रपटातही शब्द राहिला. नंतरच्या लेखकांनी तो सरळ 'पिस्तूलवाला गुंड' म्हणून उचलला आणि आज इंग्रजी कोशांत दोन्ही अर्थ आहेत. आपल्याकडे 'पाव' शब्दाचं असंच झालंय. तो पोर्तुगीजांकडून आला, पण पीठ पायांनी मळतात म्हणून 'पाव' अशी समजूत घट्ट बसली. फरक एवढाच की त्या समजुतीनं पावाचा अर्थ बदलला नाही. इथे चुकीच्या व्युत्पत्तीनं शब्दाचा अर्थच फिरवला. म्हणून उत्तरकालीन कथांत बंदूकवाल्याचा अर्थ चूक मानू नका. तिथे लेखकालाच तो अभिप्रेत असतो.

मग कुठे कोणता घ्यायचा? प्रकाशनाचं साल मदत करतं, पण ते पुरेसं नाही. शब्दाच्या जागी 'शूटर' घालून पुढचं वाक्य वाचा. समोरच्याची प्रतिक्रिया तरीही पटत असेल तर नवा अर्थ चालेल. ती अकारण वाटली तर जुना. 'दाराशी तीन गन्सेल उभे होते' असा डोकी मोजणारा वापर असेल तर ते बंदूकवालेच. एकच तरुण, त्याच्यावर हक्क सांगणारा एकच वयस्क माणूस, आणि शब्द त्या वयस्काला ऐकू जाईल असा उच्चारलेला, असं असेल तर अर्थ पिल्लाचा.

मराठीत मी 'लौंडा' सुचवेन. वरवर पाहता तो 'पोरगा' एवढाच आहे, पण जाणणाऱ्याला दुसरा अर्थही ऐकू येतो. मूळ शब्दाची खोच नेमकी हीच. त्याला 'तुमचा' जोडला की काम होतं : 'हा तुमचा लौंडा माझ्यापुढून हटवा.' 'पंटर'मध्ये दुय्यमपणा आहे, डंख नाही. 'समलिंगी' तर अजिबात नको. तो आजचा तटस्थ शब्द आहे, त्याची शिवी करू नये; शिवाय इथला टोमणा 'ठेवलेला' असण्यावर आहे. 'गन्सेल' तसाच ठेवलात तर मराठी वाचकालाही 'गन'च ऐकू येईल. निवेदनात हॅमेट त्याला सतत साधं 'बॉय' म्हणतात, तिथे 'पोरगा' लिहा. लौंडा जागोजाग पेरला तर संवादात आल्यावर त्याची धार उरणार नाही.

'गूजबेरी ले'चा टोमणा हुद्द्याचा आहे. सराईत म्हणून मिरवणाऱ्याला भुरटा ठरवलं जातं. 'दोरीवरचे कपडे चोरणं कधी सोडलंस, बाळा?' एवढं पुरे. त्यात 'बाळा' गाळू नका.

याच जातीच्या कथांत 'शेमस' भेटला, तर तो खाजगी गुप्तहेर. हाही बहुधा यिडिशच : 'शामेस' म्हणजे सिनेगॉगची, ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची, देखरेख करणारा सेवक. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू त्याला 'शमाश' म्हणतात, मूळ हिब्रू शब्द एकच. आयरिश 'शेमस' नावाशी तो जुळल्यानं रुळायला मदत झाली असावी. अनुवादात 'हेरगिरीवाला' चालेल. नुसता 'हेर' परराष्ट्राचा वाटतो.

आणि लुटीसाठी येणाऱ्या 'हाइस्ट'ला वर्तमानपत्री सवयीनं 'दरोडा' लिहू नका. मूळ शब्द 'हॉइस्ट', म्हणजे उचलणे, याचंच ते उच्चारभेदानं झालेलं रूप. आपल्या कायद्यात दरोड्याला किमान पाच माणसं लागतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 310मध्येही तेच आहे. दोघांनी रात्री बंद दुकानात शिरून तिजोरी फोडली तर ती घरफोडी. तिघांनी पिस्तूल रोखून लुटलं तर जबरी चोरी. पात्रं मोजा, मग शब्द घाला.