संगणक-शंका : प्रोसीजर अर्ध्यावर का तुटते?

प्रश्न : आमच्या केळी-खरेदीच्या नोंदी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आहेत. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांच्या वजनाच्या बेरजा दोन वेगळ्या क्वेरींनी देणारी प्रोसीजर (डेटाबेसमध्ये साठवलेला आज्ञांचा संच) मी लिहिली. पण ती तयार करताना १०६४ क्रमांकाची चूक येते, ‘निअर’पुढे काहीच नसते आणि नंतर ‘ॲट लाइन ५’ दिसते. पाचवी ओळ मी दहादा तपासली. शिवाय आवृत्ती ५.७ सोडून ८.० घेतल्यापासून शेतकरी गटांच्या ‘ग्रुप्स’ या टेबलावरची जुनी क्वेरीही अडते.
– एक वाचक, रावेर

उत्तर : ‘निअर’पुढे मायएसक्यूएल तो मजकूर दाखवते, जिथे पोहोचल्यावर त्याला पुढचा अर्थ लागेनासा होतो; तिथे काहीच नसेल, तर वाक्य पुरे होण्याआधीच संपले असे समजावे. प्रोसीजरची सुरुवात दाखवणाऱ्या बिगिननंतरची आपली पहिली क्वेरी पाचव्या ओळीत ज्या अर्धविरामाने संपते, त्यालाच क्लायंट (आपण आज्ञा टंकतो तो प्रोग्राम) संपूर्ण वाक्याचा शेवट मानतो आणि शेवटच्या एंडपर्यंत न थांबता तेवढाच तुकडा सर्व्हरकडे धाडतो. म्हणून वाक्याचा शेवट दाखवणारे चिन्ह तात्पुरते बदलण्यासाठी प्रोसीजरच्या आधी स्वतंत्र ओळीवर डिलिमिटर हा शब्द, एक जागा सोडून दोन डॉलरचिन्हे लिहावीत. आतले अर्धविराम तसेच ठेवून एंडपुढे तीच दोन चिन्हे द्यावीत आणि शेवटी डिलिमिटर पुन्हा अर्धविरामावर आणावा, तिथेही मधली जागा विसरू नये. डिलिमिटर ही क्लायंटची आज्ञा आहे, सर्व्हरला ती कळत नाही. त्यामुळे हीच प्रोसीजर पीएचपी या भाषेतल्या प्रोग्राममधून पाठवायची असल्यास डिलिमिटरच्या दोन्ही ओळी आणि एंडपुढची डॉलरचिन्हे गाळावीत.

‘ग्रुप्स’चे कारण साधे आहे : ८.० मध्ये विंडो फंक्शने (संबंधित ओळींवर एकत्र हिशेब करणारी फंक्शने) आली, तेव्हा ‘रँक’प्रमाणेच हा शब्दही राखीव झाला, म्हणजे नाव म्हणून थेट वापरता येईनासा झाला. एकच्या डावीकडील कळीवरच्या बॅकटिकमध्ये नाव घातल्यास क्वेरी चालेल, तरी टेबलाचे नावच बदलावे, असे मी सुचवेन.

आणखी एक. आपण पाठवलेल्या मजकुरात ‘मृगबाग’भोवतीची अवतरणचिन्हे वर्डमधली वाकडी आहेत. मायएसक्यूएल ती चिन्हे शब्दाचाच भाग समजते आणि त्या नावाचा कॉलम शोधू लागते. प्रोसीजर तयार होताना ही चूक दिसणार नाही, कारण कॉलमची नावे तेव्हा तपासली जात नाहीत; प्रोसीजर कॉल करताच (चालवताच) मात्र असा कॉलम नाही, अशी १०५४ क्रमांकाची चूक येईल. ती चिन्हे पुसून त्यांच्या जागी साध्या एडिटरमध्ये सरळ अवतरणचिन्हे टंकावीत.